नवरदेव शेठांच्या तलवारी

आमच्या शेठनी आयुष्यात किती नवऱ्यांच्या कमरेला तलवार बांधली असेल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये त्यांचं लग्नाचं सामान भाड्याने देण्याचं दुकान होतं. शेरवान्या, फेटे, सेहरे, मोजड्या, आणि मागच्या भिंतीवर लाल-हिरव्या मखमली म्यानांतल्या तलवारींची रांग. नवरा मुलगा दुकानात आला की शेठ गादीवरून स्वतः उठायचे, त्याच्या कमरेचा पट्टा आवळायचे, तलवार डाव्या बाजूला लटकवायचे, मग मागे सरून डोळे बारीक करून बघायचे. आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, "उपसायची नाही हां. फक्त हात ठेवायचा. आज तुला कोणाशी भांडायचं नाही." सगळा बाजार त्यांना नवरदेव शेठ म्हणायचा. आम्ही नुसतंच शेठ म्हणायचो.

शेठ सिंधी होते. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून बोटीने आले आणि इथल्या कॅम्पात राहिले. दुकान त्यांनीच काढलेलं. शेठचा जन्म तिकडचा, पण तिकडचं काही आठवत नाही असं ते म्हणायचे. बोलायचे ते आमच्या भागातले बरेच लोक बोलतात तसं, वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवायचं आणि मध्ये कुठेतरी एखादं 'साईं' टाकायचं. माणूस गोल, बुटका, केस मागे वळवलेले, अंगात कायम पांढरी सफारी. ते एक दिवस तलवारबाजी शिकायला येतील हे त्यांच्याकडे बघून कोणाला वाटलं नसतं. मला तर नाहीच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथच्या एका शाळेत नुकतीच खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते. कॉलेजात असताना पुण्याला एका शिबिरात फेन्सिंग शिकले होते आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. आमच्या भागात तेव्हा हा खेळ कोणाला माहीत नव्हता. लोकांना वाटायचं मी कुंपण घालायला शिकवते. मुख्याध्यापकांच्या मागे लागून संध्याकाळी शाळेचा हॉल मिळवला, कुठून कुठून जुन्या फॉइल मागवल्या आणि मुलं जमवली. फॉइल म्हणजे या खेळातली हलकी, लवचीक तलवार. तिला धार नसते आणि टोकाला बोंड असतं. हे मी पालकांना इतक्या वेळा सांगितलं होतं की मुलंही तोंडपाठ म्हणायची.

अशा एका संध्याकाळी शेठ हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. हातात मखमली म्यान. मुलं थांबली. ते माझ्याकडे आले, तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली आणि म्हणाले, "टीचर, मेरे को बताओ, ही धरतात कशी?"

मी विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय?"

"धंदा आहे माझा. पोरं विचारतात, शेठ, कसं पकडायचं? मी आपलं काहीही सांगतो. काल एका वरातीत एक रिटायर फौजी होता. मला बाजूला घेऊन बोलला, शेठ, तुमचा नवरा तलवार नाही, झाडू घेऊन चाललाय. मला रात्रभर वाईट वाटलं."

मी ती तलवार हातात घेतली. पत्र्याची, टोकाकडे जड, मूठ नुसती पितळी पाणी दिलेली. तिला धरण्याची काही योग्य पद्धत असणंच शक्य नव्हतं. ते मी सांगितलं. मग त्यांच्या हातात फॉइल दिली, अंगठा कुठे, बोटं कुठे ते दाखवलं. "पक्षी धरल्यासारखी धरा," मी म्हणाले, "घट्ट धरलात तर मरेल, सैल सोडलात तर उडेल." शेठनी फॉइलकडे बघितलं. मग आरशात बघितलं. हॉलच्या कोपऱ्यात नाचाच्या वर्गासाठी एक मोठा आरसा होता. बराच वेळ ते आरशात बघत उभे राहिले. मग सफारीचं वरचं बटण सोडलं आणि विचारलं, "फी किती?"

त्यांच्याहून तीस-पस्तीस वर्षांनी लहान मुलांच्या रांगेत शेठ उभे राहू लागले. त्यांना रांगेत शेवटी उभं राहायला आवडायचं नाही. "नवीन ॲडमिशन आहे, पुढे बसवा," म्हणायचे. गुडघे वाकवून उभं राहायला सांगितलं की पाच मिनिटांत घामाने चिंब व्हायचे. पुढचा पाय टाकून झेपावायचं, त्याला लंज म्हणतात, ते त्यांना शेवटपर्यंत नीट जमलं नाही. पोट आधी पोचायचं आणि फॉइल मागून. मुलं हसायची, तेही हसायचे. पण सुट्टी कधी घेतली नाही. लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हासुद्धा ते नवऱ्याचा पट्टा बांधून धावत यायचे, खिशात सेफ्टी पिना आणि कपाळावर कुठल्यातरी वरातीतला गुलाल.

त्यांची एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आली. आमच्याकडे विजेवर चालणारं यंत्र नव्हतं, ज्यात फॉइल लागली की दिवा लागतो. सगळं डोळ्यांनी बघायचं. रीत अशी की ज्याला लागलं त्याने स्वतःहून सांगायचं. मुलं हे सोयीने विसरायची. मी एकटी, दोन्ही बाजूंना कशी बघणार? शेठ विसरायचे नाहीत. फॉइल नुसती चाटून गेली, मला दिसली नाही, समोरच्या मुलालाही कळलं नाही, तरी शेठ थांबायचे, छातीवर हात आपटायचे आणि म्हणायचे, "लागलं." कधी कधी तर शेवटच्या गुणाला, जिंकता जिंकता. मी एकदा म्हणाले, "शेठ, मला काही दिसलं नव्हतं." त्यावर ते साधेपणाने म्हणाले, "पण लागलं मला ना, टीचर." सहा महिन्यांत सगळा वर्ग 'लागलं' म्हणू लागला. हे मी शिकवलेलं नव्हतं.

वर्गाकडे मास्क पुरेसे नव्हते. चेहऱ्यावरचा तो जाळीचा मास्क परदेशातून यायचा आणि आम्हाला परवडण्यासारखा नव्हता. शेठ म्हणाले, "टीचर, उल्हासनगर शेजारी असताना तुम्ही इम्पोर्टेडच्या मागे कशाला लागता?" एक मास्क नमुन्याला घेऊन गेले आणि आठवड्याने कॅम्पातल्या एका कारागिराकडून हुबेहूब नकला करून आणल्या. कडेला कंपनीचा शिक्कासुद्धा होता. मी एक मास्क जमिनीवर ठेवला आणि जुन्या फॉइलचं टोक जोर लावून दाबलं. जाळी आत गेली. शेठनी सगळे मास्क पोत्यात भरले आणि घेऊन गेले. पुन्हा आणले, मी पुन्हा दाबलं, पुन्हा जाळी वाकली. तिसऱ्या वेळी कारागिरालाच घेऊन आले आणि त्याला म्हणाले, "नकली माल दुकानात चालतो, साईं. पोराच्या तोंडावर नाही चालत. हा मास्क तुझ्या मुलाला घालणार आहेस असं समजून बनव." त्या खेपेचे मास्क मी पुढे कित्येक वर्षं वापरले. फक्त शिक्का तेवढा काढायला लावला. जॅकेटं त्यांनी दुकानाच्या शिंप्याकडून जाड कॅनव्हासची शिवून घेतली. शिंप्याच्या हाताला शेरवानीचंच वळण, त्यामुळे आमची मुलं तलवारबाजी करताना दुरून लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

शेठच्या बायकोला आम्ही भाभी म्हणायचो. शेठ क्लासला आले की दुकान त्या सांभाळायच्या. बारीक अंगाच्या, बोलण्यात तिखट. मला म्हणायच्या, "टीचर, यह आदमी घर में चाकू से प्याज नहीं काटता. बाहर तलवार चलाता है." पण शेठचा पहिला सामना बघायला त्या ठाण्यापर्यंत आल्या होत्या. जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत मी शेठचं नाव घातलं होतं. ते एक सोडून सगळे सामने हरले. जो जिंकले तो एका कॉलेजच्या पोराविरुद्ध. पोरगा नुसता अंगावर धावून यायचा. शेठ जागचे हलायचे नाहीत, फॉइल पुढे धरून शांत उभे राहायचे आणि पोरगा आपणहून टोकावर येऊन आपटायचा. भाभी बाकावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. परत येताना शेठ म्हणाले, "धंद्यात पण हेच आहे, टीचर. गिऱ्हाईक येऊ द्यायचं. आपण कशाला पळायचं?"

माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा शेठ आपणहून म्हणाले, "नवऱ्याचं सगळं सामान माझ्याकडून. भाडं नाही." मी म्हटलं, "शेठ, आमचं बौद्ध पद्धतीचं लग्न असतं. पांढरे कपडे, वंदना, एकमेकांना हार. तलवार नाही, कट्यार नाही, घोडाही नाही." शेठनी ते नीट ऐकून घेतलं. लग्नाला आले, पुढच्या रांगेत भाभींबरोबर हात जोडून बसले, सगळी वंदना होईपर्यंत डोळे उघडले नाहीत. जेवताना माझ्या वडिलांना म्हणाले, "बहुत अच्छी शादी है. पण अशी सगळ्यांनी केली तर माझं दुकान बसेल." माझे वडील कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले होते आणि सहसा हसायचे नाहीत. त्या दिवशी ते हसले.

मग नव्वदीच्या सुरुवातीचा तो हिवाळा आला. मुंबई पेटली होती आणि आमच्याकडे काही झालं नसलं तरी सगळीकडे भीती होती. मनाई आदेश लागला. हत्यार बाळगायचं नाही, मिरवायचं नाही. मी क्लास बंद ठेवला आणि सगळ्या फॉइल शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. त्या दिवसांत पोलीस बाजारातून फिरत होते. एका दुकानाच्या भिंतीवर रांगेने टांगलेल्या तलवारी त्यांना दिसल्या. इतकी वर्षं त्या सगळ्यांनाच दिसत होत्या, पण आता वेळ वेगळी होती. सगळ्या तलवारी आणि शेठ जीपमध्ये बसून पोलीस ठाण्यात गेले.

भाभींनी शाळेत फोन केला. मधली सुट्टी चालू होती. मी तशीच रिक्षा करून गेले. ठाण्याच्या मोठ्या टेबलावर तलवारी ओळीने मांडल्या होत्या आणि एक हवालदार एकेक म्यानातून काढून अंगठा फिरवून बघत होता. टेबलापलीकडे एक इन्स्पेक्टर बसले होते. शांत माणूस, चष्मा लावणारे. शेठ बाकावर, शेजारी त्यांचा वकील पुतण्या. मी कोण ते सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "बसा बाई. मला कळतंय की हे वरातीचं सामान आहे. पण नऊ इंचांच्या वरचं पातं आहे आणि वर मनाई आदेश आहे. मी बघून न बघितल्यासारखं करू शकत नाही. सगळ्या तपासतो. बोथट निघाल्या तर पंचनामा होईल आणि रीतसर परत जातील."

हवालदार म्हणाला, "बोथटच आहेत साहेब. यांनी केळं पण कापायचं नाही."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही हे शिकवता. तुम्हाला यातलं कळतं. यांच्याकडे धारेचं काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मी यांना कित्येक वर्षं ओळखते. यांच्याकडे धारेची एकही वस्तू नाही. मी खात्रीने सांगते."

पुतण्याने सुटकेचा श्वास सोडला. इन्स्पेक्टरनी मान डोलावली आणि हवालदाराला काहीतरी लिहायला सांगणार, तेवढ्यात शेठ बाकावरून उठले.

"साहेब," ते म्हणाले, "टीचरना माहीत नाही, म्हणून त्या असं बोलल्या. एक आहे."

पुतण्या त्यांचा हात धरून म्हणाला, "चाचाजी, बस करो."

"तू बैठ," शेठ म्हणाले. मग इन्स्पेक्टरकडे बघून, "घरी आहे. माझ्या बापाची. ती भाड्याची नाही, ती खरी आहे. तिला धार आहे."

इन्स्पेक्टरनी चष्मा काढला. "शेठ, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? मी ऐकलं म्हणजे मला लिहावं लागेल. लायसन्स आहे?"

"नाही. बाप म्हणायचा, विचारायला गेलो तर घेऊन जातील. म्हणून त्याने विचारलं नाही. मग मी पण नाही विचारलं. लिहा साहेब."

मी त्यांच्याबरोबर घरी गेले, कारण भाभींजवळ कोणी नव्हतं. पोलिसांसमोर शेठनी लोखंडी कपाटाच्या मागून जुन्या रजईत गुंडाळलेली तलवार काढली. इन्स्पेक्टरनी म्यानातून वीतभर पातं बाहेर ओढलं. इतक्या वर्षांची तलवार, पण तिच्यावर गंजाचा डाग नव्हता. खोबरेल तेलाचा वास आला. त्यांनी विचारलं, "तेल कोण लावतं?" शेठ म्हणाले, "मी. दर दिवाळीला." भाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पंचांना पाणी दिलं, पोलिसांना दिलं, मग एक पेला शेठसमोर धरला.

वरातीच्या तलवारी काही आठवड्यांनी परत आल्या. त्या एका तलवारीवर केस झाली. शेठना जामीन मिळाला, पण बाजारात बातमी पसरायला किती वेळ लागतो? अंबरनाथपर्यंत येताना ती वाढत गेली. कोणी म्हणालं शेठकडे गोदामभर हत्यारं सापडली, कोणी म्हणालं क्लासच्या नावाखाली भलतंच चाललं होतं. पालकांनी मुलं काढून घेतली. ज्यांनी मला राखी पौर्णिमेला मिठाई पाठवली होती, त्यांनीही. मुख्याध्यापक भले होते, पण संस्थेपुढे त्यांचं चाललं नाही. हॉल गेला.

शेठनी दुकानाच्या नोकराबरोबर आपला मास्क आणि जॅकेट परत पाठवलं. मी ते सगळं उचललं आणि उलट दुकानात गेले. शेठ गादीवर बसून एका फेट्याला इस्त्री करत होते. मी रागावलेली होते आणि तो राग मी लपवला नाही.

"शेठ, सांगायची काय गरज होती? त्यांनी विचारलं मला. तुम्हाला विचारलंच नव्हतं."

शेठनी इस्त्री बाजूला उभी केली. "म्हणूनच सांगावं लागलं. मला विचारलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो, टीचर. मी बनिया माणूस आहे. पण तुम्ही माझ्यासाठी शब्द दिलात. तो शब्द खरा नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मग मी गप्प बसून घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर उभं राहून फॉइल उचलून खेळाआधीचा सॅल्यूट करायचा, हे कसं होणार?"

मी सामान गादीवर ठेवलं. शेठ म्हणाले, "माझ्यामुळे क्लास गेला. आता मी नाही आलो तर पोरं परत येतील."

"पोरं येवोत न येवोत," मी म्हटलं, "तुमची लंज अजून चुकते. सोमवारी या."

"कुठे? हॉल कुठे आहे?"

ते मलाही माहीत नव्हतं. वडील निवृत्त झाल्यावर आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायला आलो होतो. आमच्या वस्तीत बुद्धविहार होता आणि त्याच्या बाजूला फरशी घातलेलं अंगण. मी विहाराच्या मंडळाकडे अंगण मागितलं. मंडळाचे अध्यक्ष सत्तरीचे होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते म्हणाले, "पोरी, तुझ्यावर विश्वास आहे. पण विहाराच्या दारात हत्यारं? बुद्धाच्या दारात?" मी खेळ आहे, धार नाही, बोंड आहे वगैरे सगळं सांगितलं. आबांचं समाधान होईना. त्या बैठकीला मी शेठना मुद्दाम आणलं होतं. केसचंही सगळं आधीच सांगून टाकलं होतं, कारण लपवून आणणं शेठना चाललं नसतं.

शेठ उठले. मास्क चढवला, जॅकेटची बटणं लावली आणि फॉइल आबांच्या हातात दिली. "आबा, मारा मला."

"अहो, काहीतरीच काय."

"मारा. तुम्हाला कळेल हे काय आहे."

आबांनी चप्पल काढली, का ते मला कळलं नाही. मग फॉइल पुढे करून शेठच्या छातीवर हलकेच टेकवली. पातं धनुष्यासारखं वाकलं. शेठनी छातीवर हात मारून सांगितलं, "लागलं." आबांनी पुन्हा एकदा, जरा जोराने टेकवली. "लागलं." आबा फॉइलकडे बघत म्हणाले, "आणि ज्याला लागलं तोच सांगतो?" मी म्हटलं, "हो, तीच रीत आहे." आबा बसले. मंडळातल्या बाकीच्यांकडे बघितलं. म्हणाले, "अंगणात चालेल. विहारात नाही. आणि वंदनेच्या वेळी बंद."

असा आमचा क्लास बेलवलीत सुरू झाला. आधी वस्तीतली मुलं आली, मुली जास्त आल्या. मग अंबरनाथची जुनी मुलं एकेक करून परत यायला लागली, पालकांनी काही न बोलता सोडली. शेठ कॅम्प पाचहून स्कूटरवर यायचे, मागच्या सीटवर मास्कचं पोतं बांधलेलं. आबा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि कोणी 'लागलं' म्हणायला टाळाटाळ केली की खुर्चीतून ओरडायचे.

केस मात्र वर्षानुवर्षं चालली. शेठ एकही तारीख चुकले नाहीत. पुतण्याने सुचवलं की तलवार नुसती शोभेची होती म्हणू, वडिलांनी ठेवलेली आपल्याला माहीत नव्हती म्हणू. शेठ म्हणायचे, "तेल मीच लावत होतो ना." शेवटी त्यांनी गुन्हा कबूल केला. त्या दिवशी मी कोर्टात होते. कापडात शिवलेलं, लाखेचा शिक्का मारलेलं लांब पुडकं आणलं गेलं. शिक्का फोडला आणि शेठना विचारलं, हीच का? पात्यावर आता गंजाचे ठिपके आले होते. शेठ जवळ गेले, हात पाठीमागे बांधून वाकून बघितलं आणि म्हणाले, "हीच." न्यायाधीशांनी त्यांचं वय बघितलं, त्यांनी आपणहून सांगितल्याचं इन्स्पेक्टरच्या जबाबात होतं तेही बघितलं, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. तलवार सरकारजमा झाली.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. मला वाटलं होतं शेठ मोकळे होतील. ते हातातला पेला नुसता फिरवत होते. अर्धा पेला झाल्यावर म्हणाले, "बाप कराचीहून निघाला तेव्हा त्याच्याकडे एवढीच होती आणि आईची दोन गाठोडी. मी लहानपणी विचारायचो, एवढं काय आहे या तलवारीत? तुम्ही तर आयुष्यात कोणाशी भांडला नाहीत. त्यावर बाप एकदा बोलला, घर उचलून आणता येत नव्हतं, म्हणून ही आणली." त्यांनी पेला खाली ठेवला. "चला. तुमची भाभी वाट बघत असेल."

त्यानंतर त्यांनी दुकानातली प्रत्येक तलवार रिवेट मारून म्यानात कायमची बंद करून घेतली. नवरे कुरकुर करायचे, फोटोत उपसलेली हवी म्हणायचे. शेठ ऐकायचे नाहीत. "लग्नाला चाललास ना? मग मुठीवर हात ठेव. आणि तो असा नाही, असा. पक्षी पकडल्यासारखा." त्या काळात आमच्या भागातून ज्यांच्या वराती निघाल्या, त्यांच्या फोटोंत नवऱ्यांच्या हाताची पकड बघा. चुकलेली दिसणार नाही.

नव्वदचं दशक संपता संपता शेठना मधुमेहाने गाठलं, मग किडन्यांनी. लंज बंद झाली, मग उभं राहणंही. तरी आठवड्यातून एकदा पुतण्याला घेऊन यायचे, आबांच्या शेजारी खुर्चीत बसायचे आणि लहान मुलांच्या मनगटांकडे बघत राहायचे. आबांचं आणि त्यांचं कुठल्यातरी फटक्यावरून भांडण चालायचं. मी मध्ये पडायची नाही. ते ॲडमिट झाल्यावर मी भेटायला गेले, तर सलाइन लावलेल्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले, "हाच बचाव चुकतो माझा. आतल्या बाजूचा."

ते गेल्याची बातमी सकाळी आली. शाळेचा दिवस होता. मी मुलांना काही सांगितलं नव्हतं, पण वस्तीत बातमी पोचली होती. उल्हासनगरच्या त्यांच्या घरी मी गेले तेव्हा जिना माणसांनी भरलेला होता. खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, मध्ये भाभी. मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने दारात गडबड झाली. आमची मुलं आली होती. बेलवलीची, अंबरनाथची, काही शाळेच्या गणवेशात, दप्तरं पाठीला तशीच. काही आता कॉलेजात जाणारी. माणसांतून वाट काढत ती आत आली, कुठे बसायचं ते कळेना म्हणून भिंतीशी रांगेने उभी राहिली. आबासुद्धा काठी टेकत मागे होते.

भाभींची एक नणंद इंदूरहून आली होती. तिने त्या रांगेकडे बघितलं, मग भाभींकडे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "ये बच्चे कौन हैं?"

भाभींनी मान वर केली. एकेका मुलाच्या तोंडाकडे बघितलं. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इनके साथ पढ़ते हैं."